सिग्नेची रायफल आणि बाबांचा बिनसोग्याचा शर्ट

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनी पुढे सरका, शेगडीची ऊब सगळ्यांना पुरेल. बाहेर सरोवरावरून वारा सुटला आहे आणि देवाने जीभ दिली आहे. अशा वेळी गोष्ट सांगितली नाही तर दोन्ही फुकट जातील. सांगतो ती सिग्ने कोक्कोच्या पहिल्या रायफलीची. हसायला भरपूर आहे, आणि शेवटी माझं एक मागणं आहे. ते आत्ताच सांगत नाही.

सिग्ने आठवडाभर लाकडाच्या वखारीत काम करायची आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. अंगाने चिमणी, पण तिने सूर धरला की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारे म्हातारेही गायला लागायचे. तिचे वडील एडविन. कोक्को मंडळींचं जंगलात शिकारीचं खोपट आहे, त्यात खिडकीजवळची खाट एडविनची. जन्मभर नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की एडविन त्या खाटेवर. पण त्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले, आणि तो भावाला म्हणाला, "वाइनो, माझी खाट सिग्नेला दे."

वाइनोकाका खोपटाचा कारभारी. त्याने पाइप झटकला. "माझी ना नाही. पण नियम तो नियम. स्वतःची रायफल हवी, आणि शंभर पावलांवरून ताटलीत तीन गोळ्या बसल्या पाहिजेत. नाही जमलं तर खाट डेलच्या मेव्हण्याला."

डेल म्हणजे वाइनोचा मुलगा, सिग्नेचा चुलतभाऊ. त्याचा मेव्हणा पुलाखालचा, म्हणजे मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडून आलेला, आमच्या लेखी परकाच.

"तो?" सिग्ने किंचाळलीच. "काका, तो माणूस वाफेच्या सॉनात मोजे घालून बसतो!"

"म्हणूनच म्हणतो, नीट नेम धर."

ताटलीचा नियम कुणाला छळायला केलेला नव्हता. गोळी भलत्या जागी लागली तर मुकं जनावर दिवसभर तडफडत फिरतं, आणि ते पाप कुणाच्याच अंगाला लागू नये म्हणून जुन्यांनी तो घातला. ताटली मात्र लेम्पीआत्याची, म्हणजे एडविनच्या थोरल्या बहिणीची. आत्या त्या पत्र्याच्या ताटलीत दूध-अंड्यांचा गोड पानुकाक्कू भाजायची, सगळ्यांनी तो फस्त करायचा, आणि मग ताटली खडीच्या खाणीत खांबाला ठोकायची. पोटात प्रसाद गेल्याशिवाय कसोटी नाही.

एडविनची रायफल घरातच होती, पण एडविन डावखुरा. तिचा काडतूस सरकवायचा खटका, म्हणजे बोल्ट, डाव्या बाजूला. सिग्नेने ती उचलली की हात नाकावरून पलीकडे न्यावा लागे. तेव्हा नवी घेणं आलं, आणि वखारीच्या पगारात बसेल अशी.

इथे डेल पुढे सरसावला. डेलला सल्ला द्यायला कुणी विचारावं लागत नाही.

"ताई, माझ्या ओळखीच्याकडे मॅग्नम आहे, भारी काडतुसाची रायफल. हरीण सोड, अस्वल आडवं होईल! जवळजवळ नवी आणि अर्ध्या किमतीत."

"अर्ध्या किमतीत का रे?"

"त्याला वापरायला सवडच झाली नाही."

सिग्नेचा जीव त्या खाटेत अडकलेला. मोठी बंदूक म्हणजे मोठी खात्री, असं तिला वाटलं, आणि तिने ती घेतली. पहिल्याच बाराला तिला कळलं की मालकाला सवड का झाली नव्हती. रायफलीने असा धक्का दिला की तिची टोपी मागच्या झुडपात गेली. खांदा जांभळा झाला. रविवारी उजवा हात वर जाईना, तर प्रार्थनागीताचे वरचे सूर कण्हत कण्हत बाहेर पडले. प्रवचन संपल्यावर पाद्रीबाबांनी हळूच विचारलं, "ऑर्गनमध्ये उंदीर शिरलाय का?"

रोज संध्याकाळी ती खाणीत जायची. गोळ्या कधी खाली, कधी डावीकडे, एक तर ताटली सोडून खांबाच्या टोकाला. कसोटी पुढच्या शनिवारी, आणि ताटली कोरी करकरीत.

कसोटीच्या आधीचा शनिवार. घरचे सगळे खाणीत जमले. गाडीच्या मागच्या फळीवर घोंगडी पांघरून लेम्पीआत्या कॉफी पीत बसली होती. तिने बराच वेळ सिग्नेकडे पाहिलं, ताटलीकडे एकदाही नाही. मग कप ठेवून उठली.

"बाळ, आण इकडे. या खेपेला मी भरून देते."

आत्याने पाठ फिरवून खटपट केली आणि रायफल परत दिली. सिग्नेने नेम धरला, डोळे मिटले, चाप ओढला.

टिक्.

आवाज एवढाच. काडतूस आत नव्हतंच. पण नळीचं तोंड मात्र भुताने खाली खेचावं तसं जमिनीकडे गेलं, आणि सिग्नेचा खांदा कानाला टेकला.

"पाहिलंस?" आत्या म्हणाली. "नेम चांगला आहे गं तुझा. तू हरणाला नाही, बंदुकीला घाबरतेस."

डेल खो खो हसला. "बायकांना मॅग्नम पेलत नाही! दे इकडे, मी दाखवतो."

"दाखव की," आत्या गोड आवाजात म्हणाली. "थांब, तुलाही मीच भरून देते."

आता तरी काडतूस आत असणार असं धरून डेलने पाय रोवले, छाती फुगवली, सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. टिक्. डेल असा दचकला की गोळीशिवायच दोन पावलं मागे गेला आणि त्याच्या तोंडून शिवीसारखं काहीतरी निघालं. वाइनोकाका हसता हसता खडीवर बसला. एडविनने काठी टाकून दिली आणि डोळे पुसले. शेवटी डेललाही हसू आवरेना. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "माझी मॅग्नम पण विकायला काढा आता."

त्याच दुपारी आत्याने सिग्नेला ऑरिन साल्मीच्या लोखंडी सामानाच्या दुकानात नेलं. तिथे खिळे आणि रंगांच्या डब्यांमागे जुन्या रायफलींची रांग असते.

"हिला कोणती हवी?" ऑरिनने विचारलं.

"जी उडवल्यावर पुन्हा उडवावीशी वाटेल ती."

आत्या एकेक रायफल तिच्या हातात द्यायची. "डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड." बहुतेक वेळा सिग्नेला लाकडाचा दस्ता दिसे, नाहीतर छत. मग ऑरिनने कोपऱ्यातून एक साधी, ओरखडे पडलेली काढली. लहान काडतुसाची, हलकी, आखूड दस्त्याची. सिग्नेने डोळे उघडले, तर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बरोबर मध्यभागी.

"पण ही लहान नाही का?"

"हरणासाठी पुरून उरते," ऑरिन म्हणाला. "मॅग्नम ठेवून जा. बदल्यात ही, वर चांगली दुर्बीण, आणि सरावापुरती काडतुसं. बंदुकीवर उधळू नका, दुर्बिणीच्या काचेवर आणि सरावावर उधळा."

आत्याने घरी जाताना एवढंच सांगितलं, "ऑर्गनची पट्टी तू कशी दाबतेस? ठोसा मारतेस का?"

"नाही. सूर येईपर्यंत हळूच."

"मग?"

आठवडाभर सिग्नेने चाप असाच दाबला. गीताची ओळ संपून दुसरी सुरू होण्याआधी गाणारा जिथे थांबतो, त्या निवांत क्षणी. शनिवारी पानुकाक्कू संपला, ताटली खांबाला लागली, आणि तिन्ही गोळ्या तिच्यात बसल्या. वाइनोकाका चालत गेला, भोकांतून बोट घालून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "खिडकीजवळ थंडी लागते. जास्तीची घोंगडी आण."

निघताना एडविनने तिला आपला लाल चौकटीचा लोकरी शर्ट दिला. "घाल. नशीबवान आहे."

हंगामाच्या पहिल्या सकाळी शिंगाळं हरीण देवदारांतून बाहेर आलं, आणि सिग्ने श्वास घ्यायचाच विसरली. गोळी थेट बर्फात. हरणाने तिच्याकडे पाहिलं, शेपटी उंचावली आणि गेलं. केसालाही धक्का नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की ज्याची गोळी हुकली त्याच्या शर्टाचा मागचा सोगा कापायचा आणि खोपटाच्या भिंतीवर ठोकायचा. डेल सकाळपासून कात्री घेऊनच बसला होता. त्याने सिग्नेला वळायला लावलं, कोट वर केला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बाबा, इकडे या!" त्याने वाइनोकाकाला हाक मारली. "कापायला काही ठेवलंयच कुठे!"

एडविनने हयातीत इतक्या गोळ्या हुकवल्या होत्या, की शर्ट मागून कमरेच्याही वर संपत होता. सगळे तुकडे तिथेच खिडकीजवळच्या भिंतीवर ओळीने. एवढी वर्षं सिग्नेला वाटायचं बाबांची गोळी कधी हुकतच नाही.

ती त्या खाटेवर बसली आणि पोट धरून हसली. मग कात्री घेऊन तिने स्वतःच कॉलरचं टोक कापलं आणि बाबांच्या ओळीच्या शेवटी ठोकलं.

तिसऱ्या दिवशी तिने श्वास घेतला, सोडला, आणि हळूच दाबलं. हरीण जागच्या जागी बसल्यासारखं कोसळलं. सिग्ने बर्फात गुडघे टेकून त्याच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ बसली. तिने काय म्हटलं ते देवाला ठाऊक. रात्रीच्या जेवणाआधी वाइनोकाकाने हात जोडले आणि देवाचे, हरणाचे आणि मग लेम्पीआत्याचे आभार मानले, कारण ताटली तिची.

आता माझं मागणं. आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण कुणी तुमच्या हातात न पेलणारं ओझं देऊन वर तुम्हालाच भित्रं म्हणालं, तर कॉफीचा कप बाजूला ठेवून उठणाऱ्या त्या लेम्पी कोक्कोला आठवा. आणि जमलं तर तिच्या नावाने एखादी ओळ गा.