पुरावा क्रमांक दोन

मी एक कच्ची वही आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एक लोखंडी कपाट आहे, त्यात एका पाकिटात मी पडून असते. पाकिटावर लिहिलंय, ‘पुरावा क्रमांक दोन’.

माझी मालकीण वनस्पतिशास्त्र शिकायची. जुन्या भिंतींवर शेवाळ कसं पसरतं, यावर तिचा प्रबंध होता. रोज सकाळी ती भिंतीपाशी उकिडवी बसायची, पट्टीने एकेक ठिपका मोजायची आणि माझ्यात आकडे लिहायची. तिच्या ओल्या बोटांनी माझे कोपरे फुगले, पण मला ते आवडायचं.

वसतिगृहात तिच्या खोलीत वर्गातलीच एक मैत्रीण राहायची. मालकीण तापाने फणफणली तेव्हा या मैत्रिणीने नऊ दिवस भिंती मोजल्या. तिचं तिरकं अक्षर माझ्यात आहे.

पुढे मालकीण चार दिवस घरी गेली. मैत्रिणीने मला टेबलाच्या खणातून काढलं आणि खिडकीशी बसून सगळे आकडे उतरवून घेतले. मी काय करणार? वहीला तोंड नसतं.

मैत्रिणीने प्रबंध आधी दिला, मालकिणीने नंतर. संगणकाने दोन्ही पडताळले, तेव्हा तक्तेच्या तक्ते जुळले. नंतर देणारीवर संशय आला. चौकशीचं पत्र आलं आणि तिला प्रयोगशाळा बंद झाली. मैत्रिणीने खोली बदलली. जेवताना मालकिणीच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. ती मला उघडायची, काही न लिहिता मिटायची.

चौकशीत अध्यक्षबाईंनी मला पहिल्या पानापासून वाचलं.

“इथे सत्तावीस खोडून बहात्तर केलंय. कधी?”

“घरून आल्यावर. आकडा उलटा लिहिला गेला होता. बाजूला तारीख आहे.”

मैत्रिणीच्या प्रबंधात सत्तावीसच होते. बाईंनी तिला विचारलं, “ही भिंत तुम्ही स्वतः मोजली होती?”

ती म्हणाली, “नाही. माझं काम काहीच झालं नव्हतं. घरी काय तोंड दाखवणार होते?”

बाईंनी पान उलटलं. “हे तिरकं अक्षर कोणाचं?”

“तिचंच,” मालकीण म्हणाली. “मला ताप होता. माझ्यासाठी नऊ दिवस मोजलं तिने.”

टिपण घेणारे कारकून थांबले. “हे लिहू का, मॅडम?”

“नको. आजचा प्रश्न तो नाही.”

मालकीण निर्दोष ठरली. मैत्रिणीचा प्रबंध रद्द झाला, विद्यापीठाच्या पटावरून नावही कमी झालं. ती सामान घेऊन गेली तेव्हा कोणी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलं नाही.

पुरावा पाच वर्षं ठेवायचा, असा नियम आहे. मुदत संपल्यावर कारकुनांनी मालकिणीला फोन लावला. “वही घेऊन जा, बाळा.”

“नको, काका. टाकून द्या. हातात आली की मी तीच नऊ पानं उघडेन.”

त्यांनी मला टाकलं नाही. पाकिटात घालून पुन्हा कपाटात ठेवलं. आता तेही निवृत्त झालेत, आणि किल्ली कोणाकडे आहे ते मला माहीत नाही.

न्याय करणाऱ्यांनो, तुमचा निकाल बरोबरच होता. पण ते नऊ दिवस लिहून घ्यायला हवे होते. माझ्याशिवाय ते कुठेच लिहिलेले नाहीत.