वजरीने पुसलेला अंगठा

मी एक जुनी वजरी आहे, टाचा घासायची. मित्रांनो, आत्मवृत्तात थोर घराण्यातला जन्म सांगायची रीत आहे. माझा जन्म नेरच्या एका कुंभाराच्या अंगणात झाला. ओल्या मातीवर त्याने चाकूने आडव्याउभ्या रेघा ओढल्या, मला भट्टीत भाजले आणि बाजारात पोत्यावर मांडले. तिथून बिजलीबाईंनी मला त्यांच्या तांड्यावर नेले.

न्हाणीतल्या दगडावर मला जागा मिळाली. शेतात फाटलेल्या त्यांच्या टाचा मी घासत असे आणि बिजलीबाई शेजारणीला, जमनीला, सांगत, "वजरी असावी तं अशी." पंधरा वर्षे मी हे ऐकले. स्तुतीने माणसाचे जे होते तेच वजरीचे होते. आपल्याला सगळेच जमते असे वाटू लागते.

यंदा कापूस वेचणी चालू असतानाच रेशन दुकानातून निरोप आला. कार्डावरच्या प्रत्येकाने यंत्रावर अंगठा लावून जायचे. जानेवारी संपेपर्यंत लागला नाही, तर नाव कमी. बिजलीबाई रांगेत उभ्या राहिल्या. बोंडांची वाळकी टोके टोचून आणि धूळ बसून त्यांची बोटे काळवंडली होती. अंगठा ठेवला, यंत्रावर लाल दिवा लागला. दुकानदार गोविंदा स्वभावाने वाईट नाही. तो म्हणाला, "काकू, हात घासून या. मळ हाय."

ज्या बाईची भांडी तांड्यात सगळ्यांत लख्ख, तिला भर रांगेत मळ दाखवला. बिजलीबाईंनी हात ओढणीखाली घेतले ते घर येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. न्हाणीत बसून त्यांनी कपड्यांची पावडर ओतली, मला उचलले आणि अंगठा घासायला घेतला.

मित्रांनो, मी टाचेची. अंगठा हे माझे काम नाही, हे मला तेव्हाच कळले होते. वजरीला तोंड नसते, ही सबब मी आजवर सांगत आले. खरे असे की मला मजा वाटत होती. अंगठा कसा उजळत होता!

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल दिवा. मग जास्त पावडर, जास्त कढत पाणी आणि जास्त मी. चौथ्या खेपेला अंगठा सोललेल्या लसणासारखा गुळगुळीत झाला. जितका स्वच्छ, तितका अनोळखी. कातडी चिरली, मीठ लागले की चरचरू लागली, ज्वारीचे पीठ मळवेना. मनगटावरचे गोंदण तेवढे जागेवर होते, पण यंत्राला गोंदण वाचता येत नाही. त्यांचे यजमान देवीलाल साक्ष द्यायला सोबत गेले. म्हणाले, "चाळीस वर्षं भांडून राह्यलो हिच्यासंग. बाई हेच हाय." नवऱ्याची साक्ष घ्यायची सोय यंत्रात नव्हती. रांग हसली. बिजलीबाई खाली पाहत घरी आल्या आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या.

मुदत संपायला महिना-सव्वा महिना उरला होता, तेव्हा उपकेंद्रातली नर्स दीपा लसीकरणाला तांड्यावर आली. हात पाहून तिने विचारले, "मावशी, हे कशानं केलं?" बिजलीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. मला त्या दगडात मिसळून जावेसे वाटले.

"वरची कातडी म्हणजे भिंतीचं सारवण हाय," दीपा म्हणाली. "थे हाय म्हणून आतला ओलावा आत राह्यते अन् बाहेरचा कचरा बाहेर. तुमी रोज खराट्यानं सारवण खरडून राह्यल्या. अंगठ्याच्या रेघा म्हणजे मळ नोहे, मावशी. मशीन त्याच वाचते."

मग तिने पथ्य सांगितले. पावडर बंद, पाणी कोमट, साबण साधा. हात ओलसर असतानाच खोबरेल चोळायचे. वेचताना बोटांना चिंध्या बांधायच्या. आणि वजरीला शिवायचे नाही.

"घासलं नाही तं लोकं काय म्हणतीन?"

"लोकाईचं ऱ्हाऊ द्या. मशीन काय म्हणते थे पाहू."

पाच आठवडे मी दगडावर नुसती पडून होते. वेचणीहून आल्यावर बिजलीबाईंचा हात सवयीने माझ्याकडे येई, अर्ध्यातून परत फिरे आणि तेलाची बाटली उचली. कोळ्याने माझ्यावर जाळे विणले. मला ते योग्यच वाटले.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी बिजलीबाई न धुतल्यासारखे दिसणारे हात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पहिल्यांदा लाल. दुसऱ्यांदा लाल. तिसऱ्यांदा हिरवा. गोविंदाने यंत्र वळवून त्यांचे नाव त्यांना दाखवले. त्या वेळी तो काय म्हणाला ते कोणी मला सांगितले नाही, पण देवीलालांचे बोलणे न्हाणीपर्यंत आले. "पटली बा ओळख. नाही तं मले दुसरी पाहा लागली असती."

"तुमाले कोणं देल्ली असती?" बिजलीबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

त्यांनी मला फेकले नाही. आठवड्यातून एकदा, पाय भिजवून, टाचेवर हलका हात, बस. मित्रांनो, कातडी जपा, तिला तेल-पाणी द्या, आणि स्वच्छतेच्या नावाखाली माझ्यासारखीच्या हाती देऊ नका. माझ्या अंगावरच्या रेघा झिजल्या त्या झिजल्या. कुंभार त्या पुन्हा ओढणार नाही. तुमच्या परत येतात. फक्त महिनाभर त्यांच्या वाटेला जायचे नसते, आणि तेवढेच मला जमले नव्हते.