माथ्यावर सावली, तोंड मोकळं

या मित्रांनो, बसा. अगदी समोर नको हं, शिंका येतील. मी या घरातला जुना एसी. माझे भाग दोन. गार वारा सोडणारा पांढरा डबा खोलीत आणि खोलीतली ऊब ओढून बाहेर फेकणारा पंख्याचा डबा गॅलरीत. कौतुक होतं आतल्याचं, राबतो बाहेरचा. चालायचंच.

मला बसवलं त्या दिवशी घरच्या सूनबाईने माझ्यापुढे हात धरला आणि ओरडली, "अहो, खरंच गार आहे की!"

"मग काय, चहा देईल?" तिचा नवरा हसला.

सूनबाई कपडे शिवते. तिची मशीन माझ्या खालीच आहे आणि पलीकडे तिच्या सासऱ्यांची कॉट. इथला उन्हाळा म्हणजे भट्टी. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एवढी वर्षं त्या दोघांना मी थंड ठेवलं. थोडा खडखडाट केला असेन, पण म्हाताऱ्या माणसाने खोकू नये का?

मग सासरे आजारी पडले. त्यांना घाम फार यायचा, त्यामुळे चादर रोज धुवायला लागायची. एकदा सूनबाईने ओली चादर गॅलरीतल्या पंख्यासमोर दोरीवर टाकली. माझा गरम वारा तिच्यावर सुटला आणि तासाभरात चादर खडखडीत वाळली.

"गुणाचा रे माझा एसी!" ती म्हणाली.

मी फुगून गेलो. स्तुती कुणाला नको असते? पण मग एकाच्या दोन चादरी झाल्या, टॉवेल आले, शिवायच्या आधी धुतलेली गिऱ्हाइकांची कापडं आली. माझ्या तोंडासमोर ओल्या कापडाची भिंत उभी राहिली. मी फेकलेली ऊब फिरून माझ्याच अंगावर यायची. मी धापा टाकायचो आणि खोली काही केल्या गार होईना. सासरे वर्तमानपत्राने वारा घेत पडून राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला काय धाड भरलीय?" पण ओठ पार सुकलेले असायचे. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. आणि गंमत बघा! परका माणूस येणार म्हणून सूनबाईने गॅलरी आवरली, दोरी रिकामी केली. झालं, मी मस्त गार वारा सोडू लागलो. मेकॅनिकने डोकं खाजवलं.

"आत्ता तर नीट चालतोय ताई. पण वय झालंय याचं, कधी दगा देईल नेम नाही. नवाच घ्या."

नव्याची किंमत, बसवायची मजुरी, वर तांब्याची पाइप. ऐकता ऐकता सूनबाईचा चेहरा उतरला. कापडाच्या कडा बांधणारी ओव्हरलॉक मशीन घ्यायची म्हणून तिने पै पै साठवली होती. ते सगळे पैसे यातच जाणार होते.

"त्या पैशांना हात लावू नकोस, पोरी," सासरे म्हणाले. "मला एक हातपंखा दे, भागेल माझं."

"बाबा, तुम्ही गप्प पडा बरं! मशीन काय, पुढच्या वर्षी घेऊ."

अगं, ती चादर काढ! असं ओरडावंसं वाटलं मला. पण मला जीभ कुठे?

दुकानात जायचा दिवस उजाडला. त्या सकाळी नळाला पाणीच आलं नाही, म्हणून धुणं राहिलं. दुपारी सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, पांघरूण दे गं. गारठलो!"

तिने घाबरून त्यांच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. मग तिने माझ्यापुढे हात धरला, अगदी पहिल्या दिवसासारखा.

"निघायचं ना?" नवरा बूट घालून दारात उभा होता.

"थांबा हो जरा."

तिने कपाटातली चादर काढून दोरीवर टाकली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी पांघरूण लाथाडलं. तिने चादर काढली आणि मी पुन्हा गार झालो. तिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, मीच याचा गळा दाबत होते की हो!"

नवऱ्याने बूट काढले. मला तर नाचावंसं वाटलं!

पुढच्याच आठवड्यात ओव्हरलॉक मशीन आली. सूनबाईने तिच्यावर पहिल्यांदा एक जाड कापड शिवलं आणि ते घेऊन थेट गॅलरीत आली. मला वाटलं, झालं! आता कायमचंच तोंड बांधणार! पण तिने ते माझ्या डोक्यावर, चांगलं उंच ताणून बांधलं. ऊन अडलं आणि समोर सगळं मोकळं राहिलं. चादरी आता गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला वाळतात. वेळ लागतो, लागू दे.

मित्रांनो, मीही एक दिवस थांबेन. तेव्हा नवा आणाच, माझी हरकत नाही. पण एखाद्या जुन्याला मोडीत काढण्याआधी त्याच्या तोंडावर आपणच काही टाकलं नाही ना, एवढं बघा.

सासरे आता काठी टेकत रोज गॅलरीपर्यंत येतात. दोरीकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "काय रे म्हाताऱ्या, श्वास येतोय ना नीट?"

मी आपला खडखडतो. त्यांना कळतं.