रॉसच्या नावाचं क्रेडिट

नरेलच्या पहिल्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या प्रवासात तो रोज संध्याकाळी आम्हाला पाजत होता. पीत आम्ही होतो. पैसे त्याचे होते.

रॉसने फार पूर्वी एका जहाज कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. तो गेल्यावर ते नरेलच्या नावावर झाले. त्या कंपनीची रीत अशी, की भागधारक प्रवासाला आला की त्याच्या केबिनच्या खात्यावर अडीचशे डॉलरचं क्रेडिट जमा होतं. ते जहाजावरच खर्चायचं. उरलं तर बुडालं.

ब्रिस्बेन सोडलं त्या संध्याकाळी बारवाल्याने आमचं केबिनचं कार्ड फिरवलं आणि म्हणाला, ‘‘तुमच्या क्रेडिटमधून गेले, मॅडम.’’ नरेलने वाईनचा ग्लास समुद्राकडे उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘हे रॉसकडून!’’

मी हसलो. पण घशाखाली गेलेली बिअर कडू लागली.

मी बंडाबर्गचा. चाळीस वर्षं ऊस तोडायचे हार्वेस्टर दुरुस्त केले. रॉस बँकेत मॅनेजर होता. लग्नानंतर मी नरेलच्या, म्हणजे त्याच्याच, घरात राहायला आलो. मागच्या शेडमध्ये त्याच्या खिळ्यांच्या बरण्या अजून ओळीने आहेत, प्रत्येकीवर सुबक अक्षरात माप लिहिलेलं. दोन वर्षांत मी त्यांची जागाही बदलली नव्हती. एकदा एक बरणी हातातून निसटली, तर पहिला विचार आला की रॉसच्या हातून कधी पडली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळची कॉफी रॉसकडून. दुपारची शँपेन रॉसकडून. जेवायला आमच्या टेबलावर टुवुम्बाचा गॉर्डन नावाचा एक लठ्ठ गृहस्थ असायचा. त्याने विचारलंच, ‘‘हा रॉस कोण?’’

‘‘माझा पहिला नवरा,’’ नरेल म्हणाली.

‘‘वा! मेल्यावरही बायकोला पाजतोय. माझ्यामागे माझ्या बायकोला फक्त कुत्रं मिळणार, तेही आंधळं!’’ मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘तुझी मजा आहे लेका. बायको त्याची, बिअरही त्याची!’’

सगळं टेबल हसलं. नरेल तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी माशाचे काटे काढत बसलो. माझ्या ताटातल्या माशाला काटे नव्हतेच.

तिसरा दिवस पूर्ण समुद्रातला होता. जेवण झाल्यावर नरेल नवे बूट घालून नाचाच्या वर्गाला गेली. मी खात्याचा आकडा पाहिला: एकशे ऐंशी शिल्लक. तेव्हाच ठरवलं, की आज या माणसाला संपवायचं. क्रेडिट गेलं की उरलेले सहा दिवस मी माझ्या खिशातून पाजीन, आणि नरेल ग्लास उंचावून दुसऱ्याचं नाव घेणार नाही.

एकशे ऐंशी डॉलर पटकन उडवायचे तर जागा एकच. कॅसिनो बंदरात बंद असतो, पण समुद्रात दुपारपासूनच भरलेला. मी कोपऱ्यातल्या, मगरीचं चित्र असलेल्या एका पोकी मशीनसमोर, म्हणजे जुगाराच्या यंत्रासमोर, बसलो, कार्ड आत सरकवलं, आमचा गुप्त आकडा दाबला आणि सगळेच्या सगळे मशीनवर घेतले. मग सर्वांत मोठ्या पैजेचं बटण शोधलं. गावच्या क्लबात मी एकेका सेंटने खेळणारा माणूस. इथे मात्र हरायला बसलो होतो.

आणि काय सांगू, हरताना फार बरं वाटलं. एकशे साठ. एकशे दहा. नव्वद. बटण दाबलं की रॉसचा एक तुकडा समुद्रात पडत होता. वीस उरले तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो.

तेवढ्यात चार मगरी एका ओळीत आल्या आणि मशीनने बोंब ठोकली.

शेजारची बाई किंचाळली, ‘‘अहो, लागलं तुम्हाला! लागलं!’’ आकडा वर चढत गेला, चढतच गेला, आणि एक हजार नऊशेच्या पुढे जाऊन थांबला. कॅसिनोत काम करणारी मारिविक नावाची फिलिपिनो मुलगी धावत आली. ‘‘अभिनंदन सर! आज कोणाचं तोंड पाहून उठलात?’’

तिने पैशांच्या खिडकीवर नेऊन रोख नोटा हातात ठेवल्या. मी तिथेच उभा राहिलो. जिवंत असताना हा माणूस बँक चालवत होता, मेल्यावर त्याचे सुटे पैसेसुद्धा वाढत होते, आणि मला साधं हरताही येत नव्हतं.

‘‘नेव्हिल?’’ नरेल समोर होती, नाचून घामाघूम. ‘‘तू आणि कॅसिनोत? आणि हातात हे काय?’’

‘‘रॉसचे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘त्याचं क्रेडिट लावलं. मला ते घालवायचं होतं. सगळं. मग एक ग्लास तरी माझ्या पैशांचा प्यायली असतीस.’’

ती हसेल म्हणून मी मान खाली घातली. ती हसली नाही. शेजारच्या स्टुलावर बसली आणि बुटाची नाडी सैल करू लागली.

‘‘तू रॉसवर जळतोस?’’

‘‘दोन वर्षं.’’

‘‘आणि तोंड उघडलं नाहीस, गाढवा?’’

‘‘काय सांगू? मेलेल्या माणसाबद्दल?’’

‘‘ऐक,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मी रॉसला म्हटलं, मला जहाजाने नूमेयाला ने, त्या फ्रेंच बेटावर. दुसरं काही नको. तो म्हणाला, तिकीट नऊ दिवसांत संपतं, शेअर वाढतात. आणि तिकिटाच्या पैशांचे हे शेअर घेतले. मग दर वर्षी जाहिरातीचं पुस्तक घरी यायचं. तो लाल पेनाने खुणा करून दाखवायचा, बघ, या खोलीत कसे लुबाडतात, या वाईनला किती लावतात. अकरा वर्षं, नेव्हिल! मी विचारायचंच सोडलं. मग एका गुरुवारी तो ऑपरेशनच्या टेबलावरच गेला.’’ रागाने तिचा गळा लाल झाला होता. ‘‘म्हणून मी ग्लास वर करते. त्याला दिसावं म्हणून. एकेका घोटाला त्याचा जीव कळवळला असता.’’

मला हायसं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. त्या लाल पेनवाल्या माणसाची जरा कीवही आली. पण पाठोपाठ दुसरंच काहीतरी टोचलं. माझ्याबद्दल बोलताना नरेलचा गळा असा लाल कधी झाला नव्हता. इतका ताजा राग! माझ्यावर ती दोन वर्षांत एकदाही अशी चिडली नव्हती. हेही मी तिला सांगून टाकलं.

‘‘अरे देवा!’’ ती म्हणाली. ‘‘आता रागावरही जळणार का? त्याची काळजी करू नकोस, तुझ्यावरही चिडेन. मला संतापवायला तू शिकतोयस.’’

दुसऱ्या दिवशी नूमेयाला उतरलो. नोटा माझ्या खिशात होत्या. बाजाराजवळ बसून आम्ही लोणी लावलेला पाव आणि कोळंबी खाल्ली. मी पहिल्यांदाच रॉसबद्दल विचारलं: कसा हसायचा, काय खायचा, शेवटी त्रास झाला का. तिने सगळं सांगितलं. काही ठिकाणी ती हसली, एका ठिकाणी रडली. ऐकवत नव्हतं, पण मी उठून गेलो नाही. मग तिने एक निळा, महागडा पोशाख घेतला आणि पैसे मी दिले. ते कोणाचे, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

घरी परतल्यावर तिने विचारलं, ‘‘विकून टाकू का ते शेअर? तुला त्रास होत असेल तर.’’

लगेच ‘हो’ म्हणावंसं वाटलं. मी शेडमध्ये जाऊन बसलो. ‘राहू देत’ म्हणायला मला पुढचे दोन दिवस लागले.