गोळी सोडलेल्यांची गिनती

इंझोरी गावच्या भागिरथाबाईला मानोऱ्याच्या एका दवाखान्यातून बीपीची नवी गोळी सुरू झाली. गोळी कशी लागू पडते, ते फोन करून विचारू, असंही तिथं सांगितलं होतं. पहिल्याच फोनला ती म्हणाली, "उठलं की चक्कर येऊन राह्यली." पलीकडची मुलगी 'लिहून घेतलं' म्हणाली. पुढं काहीच झालं नाही. एक दिवस भागिरथा चुलीपुढं पडली, हात भाजला. मग तिच्या नवऱ्यानं, देवमननं, ती गोळी बंद करवली.

हिवाळ्यात त्या दवाखान्याचे डॉक्टर गावात आले. समाजमंदिरात पडदा लावून त्यावर त्याच गोळीचे आकडे दाखवत म्हणाले, "ही माहिती आपल्याच तालुक्यातल्या लोकांची आहे. एकालाही मोठा त्रास नाही."

भागिरथा उठली. "मले झाला ना, सायेब. फोनवर सांगतलं होतं मी."

डॉक्टरांनी लॅपटॉपमध्ये पाहिलं. "तुम्ही गोळी मधेच सोडली. पूर्ण घेतली त्यांचीच माहिती धरतो आम्ही."

"पन सोडली ते त्रासापायीच ना?"

"तसा नियम आहे, बाई."

लोक हसले. शेजारची गोजराबाईही हसली. निंदणाला दोघी कायम एकाच बांधावर जेवायला बसायच्या. घरी जाताना ती म्हणाली, "आपल्याच लोकाईचं हाये म्हन्ते तो. सारे काय खोटे हायेत?" ते भागिरथाला हात भाजल्यापेक्षा जास्त लागलं.

गोजराबाईनं तीच गोळी घेतली. महिन्याभरात न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. भागिरथा भेटायला गेली.

"चक्कर येत नव्हती काय?"

"येत होती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"कोनालेच नाही म्हने ना. मले वाटलं, मलेच काही होऊन राह्यलं."

"मी होती ना," भागिरथा म्हणाली. गोजराबाईनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात उशाशी फोन वाजला. दवाखान्यातलीच मुलगी होती. भागिरथानं उचलला.

"गोजराबाईंची गोळी चालू आहे का?"

"पडली ते. आता बंद हाये."

"बरं, मग यादीतून नाव काढते."

"काढू नको, पोरी. पडली असं लेह्य..."

फोन बंद झाला होता.

"कोन होतं?" गोजराबाईनं विचारलं.

"दवाखान्यातलं. तुह्यं बी नाव काढलं."