सोमवारचा फोन

"ताई, मान तरी हलवत जा. न्हाईतर मला वाटतं, मी एकटाच बडबडून राहिलो."

माइक बंद होता म्हणून विनोदनं थट्टा केली. रत्नम्मानं हसून मान हलवली आणि समोरच्या पेटीवरच्या, फोनच्या आवाजाच्या सरकत्या बटणावर बोट ठेवलं. आज सोमवार. उजाडल्यापासून संध्याकाळची लिंगपूजा होईपर्यंत ती बोलत नसे. 'गेटाबाहेर' हा त्यांचा कार्यक्रम एरवी बुधवारी व्हायचा आणि बोलणं तिच्याकडंच असायचं. या बुधवारी वीज नसणार म्हणून तो अलीकडे ओढला होता. "तू बोल, मी फोन सांभाळते," असं तिनं कालच सांगून ठेवलं होतं.

लातुरातल्या एका संस्थेचा तो लहानसा रेडिओ. शहर आणि आसपासची गावं, एवढ्यापुरताच ऐकू येणारा. तुरुंगात राहून आलेली माणसं या कार्यक्रमात बोलत. आत काय चालतं, काय बदलायला हवं, ते सांगत. विनोद बिलोलीकडचा, जत्रेतल्या मारामारीपायी वर्षभर आत होता. रत्नम्माची धाकटी जाऊ जळून मेली तेव्हा फिर्यादीत घरातल्या सगळ्यांची नावं पडली, विधवा थोरली जाऊ म्हणून तिचंही पडलं. कोर्टानं तिला निर्दोष सोडलं, पण त्याला चार वर्षं लागली. खरं तर जामीन पहिल्याच वर्षी मंजूर झाला होता. सातबारा घेऊन कोर्टात उभा राहणारा जामीनदार तेवढा मिळाला नाही, म्हणून ती आतच राहिली.

आजचा विषय तोच होता, आणि तो तिनंच सुचवला होता. "दरवेळी आपुनच रडतो," ती म्हणाली होती, "एकदा घरच्यांना बोलू द्या. त्यांच्या बी अडचणी असतात. माझ्या भावाला तलाठ्यानं किती फिरवलं, मला ठावं हाय."

भाऊ म्हणजे संगमेश्वर. देवणी तालुक्यातला, स्वतःची शेती असलेला. आई गेली तेव्हा तो रांगत होता. रत्नम्मानंच त्याला कडेवर वाढवला. तुरुंगात मुलाखतीला तो येई, जाळीपलीकडून विभूतीची पुडी दाखवून शिपायाकडं देई आणि खाली बघून म्हणे, "तलाठी सातबारा देईना गं अक्का." एकदा आला तो हात गळ्यात बांधून. "तलाठ्याकडं जाताना गाडीवरून पडलो." जाळीतून हातही लावता येईना. त्याच संध्याकाळी तिनं गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन व्रत धरलं. भावाला आयुष्य मिळू दे, मी जन्मभर सोमवारी मुकी राहीन.

आत व्रत पाळणं सोपं नव्हतं. हजेरीला 'हजर' म्हणाली नाही म्हणून सोमवारी तिच्याकडून सगळी बराक पुसून घेत. बाया म्हणायच्या, "मुकी झाली बघा म्हातारी, देव काय कानात बोलतो का गं?" ती पुसत राही. पण सोमवार तिनं मोडला नाही.

पहिला फोन औशाच्या धोंडाबाईंचा लागला.

"माझा नवरा आत व्हता. मी गेलेच न्हाई सोडवायला."

"का वो मावशी?" विनोदनं विचारलं.

"का म्हंजे? लगीन झाल्यापास्नं पहिल्यांदा रातभर झोपले बाबा मी!"

विनोद खो-खो हसला. रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. मग दुसरा फोन लागला आणि पलीकडचा माणूस आधी खाकरला.

"हॅलो, रेडिओवाले का? लातूरच्या आडतीत बसलोय. सोयाबीन आणलंय. इथं तुमचं चालू हाय, ऐकून राहिलो."

रत्नम्मानं चटकन कानावरचा हेडफोन नीट केला. खाकरणं ऐकूनच तिला कळलं होतं. आपला संगू! ती रेडिओवर बोलते हे त्याला माहीत नव्हतं. संस्थेच्या हापिसात आहे, एवढंच तिनं सांगितलं होतं. रेडिओवरही ती सुकन्याताई म्हणून बोले. भाचीच्या, संगूच्या मुलीच्या, सासरी कुणाच्या कानावर जायला नको, म्हणून. आता हा तलाठ्याचं सगळं सांगणार. तिनं विनोदला खूण केली, बोलू दे, बोलू दे. खुर्चीही पुढं ओढून घेतली.

"बोला भाऊ," विनोद म्हणाला. "नाव सांगू नका, चालतंय."

"न्हाई, मी म्हणलं, तुम्ही घरच्यांनाच नावं ठेवता. आमची बी ऐका. आमची बहीण व्हती आत. जामीन झाला व्हता तिचा."

"मग? सातबारा मिळंना का?"

"मिळंना कशाला? खिशातच व्हता की. मुलाखतीला जायचो तवा बी खिशातच."

विनोदनं रत्नम्माकडं बघितलं. ती अजून हसतच होती. ओठ तसेच राहिले होते.

"पोरीची सोयरीक चालली व्हती सर. ही बाहेर आली तर राहणार कुठं? माझ्याच घरी ना. पाव्हणे येणार, इचारणार, ह्या कोण? म्हणलं, एवढं लगीन होऊ दे. लगीन झालं, तर म्हणलं, पोरीचं पहिलं वरीस जाऊ दे. असं करता करता राहिलं."

"बहिणीला काय सांगितलं?"

"तलाठ्यावर ढकललं. काय करता? एकदा तर निलंग्याला पोरगा बघायला निघालो अन् गाडीवरून पडलो, हात मोडला. तिला म्हणलं, तलाठ्याकडं जाताना पडलो." तो जरासा हसला. "लई भोळी हो. तवापास्नं माझ्यासाठी सोमवार धरती. आज बी बोलत नसंल कुणाला."

विनोदला आता सगळं कळलं. त्याचा हात फोन तोडायला पुढं आला. रत्नम्मानं तो मनगटाशी धरला आणि बाजूला ठेवला. दुसऱ्या हाताची मूठ छातीशी, लिंगावर आवळलेली होती. ती क्षणभर डोळे मिटून बसली. मग तिनं मूठ सोडली, पदर सारखा केला आणि आपल्या माइकचं बटण वर सरकवलं.

"भाऊ," ती म्हणाली. सकाळपासून न वापरलेला आवाज घोगरा निघाला. "एक इचारू का?"

पलीकडं हमाल वजनं मोजत होता, तेवढंच ऐकू आलं.

"अक्का?" तो अगदी हळू म्हणाला.

तिनं हो म्हटलं नाही. एरवी अनोळखी माणसाला विचारायची तसंच विचारलं. "तुम्ही तवा सातबारा दिला असता, तर काय झालं असतं?"

"तू... तुम्ही..." तो अडखळला. "सोयरीक मोडली असती."

"बरं. अन् न्हाई दिला, तर काय झालं?"

विनोदनं गाणं लावू का म्हणून खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली, नको.

"सांगा भाऊ. लोक ऐकायलेत. त्यांच्या बी घरातलं कुणीतरी आत असंल."

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ओ मालक, काटा झाला, या इकडं!" त्यानं फोन तोडला नाही. कापडाची खसखस ऐकू आली. फोन तसाच चालू खिशात टाकला असावा. मग पावलं. पोत्यांमधून वाट काढणारी, आधी सावकाश आणि मग भरभर. हमाल मागून विचारत होता, "मालक, पैसे? मालक!" लातुरात ज्यांच्या घरी रेडिओ लागला होता, त्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. कुणाची पावलं, ते फक्त दोघांना माहीत होतं. थोड्या वेळानं धापा टाकणारा श्वास आला आणि त्यामागून एक बारीक हुंदका. लहानपणी रडताना तो असाच आत ओढायचा.

"ताई, तोडू का?" विनोदनं ओठांनीच विचारलं.

तिनं स्वतःच बटणावर बोट ठेवलं. एका झटक्यात बंद केलं नाही. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटतात, तसं ते हळूहळू खाली आणत गेली, त्याचा श्वास ऐकू येईनासा होईपर्यंत. मग माइकजवळ वाकून म्हणाली,

"पुढचा फोन घेऊ. कोण बोलतंय?"