ताब्याचा फोटो

भाडेकरू घर गिळतो, ही गोष्ट खुशालरावांना त्यांच्या साळ्याने सांगितली. साळा वामनराव अचलपूरला, स्वतः जन्मभर भाड्याच्या घरात; म्हणजे या विषयात त्याचा अधिकार केवढा मोठा! "भाऊजी, अकरा महिन्यांच्या वर एक दिवस गेला, का समजा घर गेलं," तो फोनवर बजावायचा. "मधात एक दिवसाचा ब्रेक द्या. सामान बाहेर काढा, रिकाम्या खोलीत उभे राहा, हातात त्या दिवसाचा पेपर घ्या अन् फोटो काढा. कोर्टात पुरावा लागते."

खुशालरावांनी हे ब्रह्मवाक्य मानलं. अकोल्यात गोरक्षण रोडवर त्यांचं दोन मजली घर. वर ते आणि पार्वताबाई, खाली सुगत मास्तर, त्याची बायको आरती आणि मुलगी पायल. भाडं पहिल्या तारखेला, आणि नळ आला की खुशालरावांची टाकी आधी भरणार. असा माणूस घर गिळणार नाही तर कोण गिळणार? दर अकरा महिन्यांनी दारात छोटा हत्ती टेम्पो लागायचा. पलंग, कूलर, कपाट, बुद्धाची तसबीर, सगळं गाडीत चढायचं. एक रात्र पातूरला सुगतच्या भावाकडे, आणि दुसऱ्या दिवशी तीच तसबीर त्याच खिळ्यावर. फोटो पायल काढायची. "आबा, थोडे हसा ना," म्हणायची. पण ताबा घेताना हसलेलं कायद्यात चालतं का, याची आबांना शंका होती.

पार्वताबाईंना काचबिंदू. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब पायलच घालायची, कारण खुशालरावांचा हात थरथरायचा. त्यांचा थेंब गालावर पडायचा, एकदा तर कानात गेला. ब्रेकच्या संध्याकाळी पार्वताबाई थेंबांविना राहायच्या.

"पोरीले कावून हाकलता दरसाली?"

"हाकलत नाही बाप्पा, ब्रेक देऊन राहिलो!"

यंदा उन्हाळ्यात सुगतने सहज विचारलं, "काका, घर घ्यायचं असलं तर काय काय पाहा लागते?"

सल्ला मागितला! खुशालरावांनी खुर्ची पुढे ओढली. "प्लॉट एनए हाये का पाह्य. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढ. घर मे महिन्यात पाह्य, तवा पाण्याचं खरं समजते. नळाच्या दिवशी बिलकुल पाहू नको, त्या दिवशी सगळ्यायच्या घरी गंगा वाहते." सुगतने सगळं वहीत लिहून घेतलं. खुशालरावांचं बोलणं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी लिहून घेतलं होतं. तो आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं.

चौथ्या ब्रेकला छोटा हत्ती आला. तसबीर उतरली, आणि या वेळी खिळाही निघाला. खिळा कावून काढता, असं खुशालराव विचारणार तोच पायलने त्यांच्या मोबाईलवर फोटो काढला, मोबाईल हाती दिला आणि वर जाऊन आजीला थेंब घालून आली. खाली आली तेव्हा तिचेच डोळे लाल होते.

सुगत पेढ्यांचा डबा देऊन पाया पडला. "काका, बाळापूरले घर घेतलं. शाळेच्या जवळच. तुमी सांगतलं तसंच पाह्यलं सगळं, मे महिन्यात."

"म्हंजे, उद्या..."

"उद्या नाही येत काका. दरसाली सामान बांधून थकलो जी."

ज्याच्या न जाण्याची एवढी धास्ती घेतली होती, तो हसतमुखाने गेला. आणि वामनरावाच्या सगळ्या कायद्यात त्याला थांबवायचं एक कलम खुशालरावांना सापडेना.

संध्याकाळी थेंबांची वेळ झाली. खुशालरावांनी बाटली उघडली. पहिला थेंब गालावर पडला, दुसराही गालावरच. तेवढ्यात फोन वाजला, त्यांनी स्पीकर लावला.

"भाऊजी, फोटो काढला ना? घर नीट रिकामं दिसून राहिलं का त्याच्यात?"

पार्वताबाईंनी पदराने गाल पुसला आणि फोन खुशालरावांच्या हातातून घेतला.

"दिसते रे वामन," त्या म्हणाल्या. "मले धड दिसत नाही, तरी दिसते. लई रिकामं दिसते."